जंतूंची रौप्यशाळा

चांदीशीं आमच्या घरांचा संबंध फार जुना आहे. बाळाच्या पायांतील वाळे चांदीचे, उष्टावणाची वाटी चांदीची, देवघरांतील पळी-पंचपात्र ऐपत असेल तर चांदीचें, आणि लग्नकार्यांत पाहुण्यांपुढें येणारी अत्तरदाणी-गुलाबदाणीहि चांदीचीच. आमच्या घरीं या वैभवापैकीं एक वाटी व एक निरांजन एवढेंच आहे. तथापि चांदीच्या भांड्यांतील पाणी निर्मळ राहतें, हें ज्ञान त्या वाटीबरोबरच आम्हांस आजीकडून मिळालें होतें, व त्याविषयीं अधिक विचार करण्याचा प्रसंग साठ वर्षांत आम्हांवर कधीं आला नव्हता.

तो प्रसंग गेल्या वर्षीं आला. आमच्या सौभाग्यवतींना मधुमेहाचा विकार बरेच दिवसांपासून आहे. पावसाळ्यांत चपलेचा पट्टा लागून त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यास लहानसें क्षत पडलें, तें दोन महिने झाले तरी भरून येईना. मधुमेह्याच्या पायाचें क्षत ही क्षुल्लक बाब नव्हे. अशा क्षतापायीं पाय गमावलेलीं माणसें आमच्या परिचयांत आहेत. घरांत कोणी तसें बोलून दाखवीत नसे, पण विचार सर्वांच्या मनांत तोच होता. अशा वेळीं शेजारच्या एका सद्गृहस्थांनीं मोठ्या आपुलकीनें एक बाटली आणून दिली. आंतील पाणी मधासारखें पिवळसर होतें. वेष्टनावर लिहिलें होतें कीं, यांत चांदीचे अतिसूक्ष्म कण आहेत, ते रसायनांनीं नव्हे तर जंतूंकडून तयार करविलेले आहेत, सबब हें औषध नैसर्गिक व सर्वथा निरुपद्रवी आहे. रोज दोन चमचे पोटांत घ्यावे व चार थेंब जखमेवर सोडावे.

आम्हीं जन्मभर मुलांना संस्कृत व मराठी शिकविलें. आमचें रसायनशास्त्र मॅट्रिकच्या परीक्षेपाशींच थांबलें. पण तर्कशास्त्राची थोडी संवय असल्यामुळें मनांत एक प्रश्न उभा राहिला. चांदी जंतूंस मारते, म्हणून ती औषधी. आणि हीच चांदी तयार करणारे कोण, तर जंतु! वंध्यापुत्रानें आपल्या आईची ओळख करून द्यावी, तशांतलाच हा प्रकार दिसला. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या सूक्ष्मजंतुशास्त्राचा अभ्यास करीत असते. तिला बाटलीची हकीकत कळविली, तेव्हां तिनें उत्तर दिलें, "काका, बाटलीला तूर्त हात लावूं नका. काकूंना डॉक्टरांकडे न्या, आणि तुम्ही शनिवारीं माझ्या प्रयोगशाळेंत या." तिच्या प्रयोगशाळेंत जें पाहिलें व तिच्याकडून जें समजून घेतलें, तें वाचकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कण तो केवढा?

एका मिलिमीटरचे दहा लक्ष समान भाग केले, तर त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. ज्या कणांची लांबी-रुंदी एकापासून शंभर नॅनोमीटरपर्यंत असते, त्यांस नॅनोकण असें नांव आहे. सामान्य दंडाकार जंतु एक ते दोन हजार नॅनोमीटर लांब असतो. म्हणजे दहा नॅनोमीटरचे शंभर-दोनशें कण त्या एका जंतूच्या अंगावर ओळीनें बसतील.

एवढें बारीक करून साधतें काय? आमच्या पुतणीनें फळ्यावर एक साधें गणित मांडलें, तें आम्हांस फार आवडलें. एक सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद व तितकीच उंच अशी चांदीची वडी घ्यावी. तिचें वजन साडेदहा ग्रॅम, म्हणजे तोळ्याहून थोडें कमी. तिच्या सहा बाजूंचें क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर, म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढें. आतां त्याच वडीचे दहा-दहा नॅनोमीटरचे तुकडे केले, तर सर्व तुकड्यांच्या पृष्ठभागांची बेरीज सहाशें चौरस मीटर होते. आमच्या शेतकरी भाषेंत सांगावयाचें तर जवळजवळ सहा गुंठे! चांदी तेवढीच, पण तिकिटाएवढी जागा सोडून तिनें सहा गुंठ्यांचें शेत व्यापलें. धातूचें सर्व काम पृष्ठभागावर चालतें. म्हणून कण जितका बारीक, तितकी थोड्या चांदीची करामत मोठी.

चांदी जंतूंस कां मारते

आजीच्या वाटींत तथ्य होतें. पाण्यांत चांदीचा अत्यल्प अंश विरघळला तरी सूक्ष्म जीव मरतात, हें कार्ल फॉन नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानें पाहिलें. त्याचें तें संशोधन त्याच्या मरणोत्तर १८९३ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच्याहि आधीं, १८८१ सालीं, लाइपझिग येथील प्रसूतितज्ज्ञ क्रेडे यानें नवजात अर्भकाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या सौम्य द्रावणाचा थेंब घालण्याची रीत प्रसिद्ध केली, व त्या थेंबानें असंख्य बालकें अंधत्वापासून वांचलीं. पुढें १९६८ सालीं चार्ल्स फॉक्स यानें भाजलेल्या जखमांसाठीं सिल्व्हर सल्फाडायझीन हें मलम पुढें आणलें. आपल्या घरांतून भाजल्यावर डॉक्टर जें पांढरें मलम लावावयास देतात, तें बहुधा हेंच.

यांत काम करणारी खरी शक्ति म्हणजे चांदीचा विद्युद्भारित कण, अर्थात् आयन. चांदीच्या अणूनें आपला एक इलेक्ट्रॉन गमावला म्हणजे हा आयन होतो. त्याला गंधकाची ओढ मोठी. जंतूच्या शरीरांतील प्रथिनांत गंधक असतें, त्यास तो जाऊन बिलगतो; त्यामुळें प्रथिनांचें कार्य बंद पडतें, जंतूचें आवरण बिघडतें, श्वसन थांबतें व जंतु मरतो. नॅनोकण म्हणजे अशा आयनांचें जणूं कोठार होय; तो आपल्या विस्तीर्ण पृष्ठभागावरून ते हळूहळू सोडीत राहतो.

रौप्यखाणींतील रहिवासी

असें असतां चांदीच्या खाणींत जंतु जगावेच कसे? पण ते जगतात. १९८४ सालीं एका रौप्यखाणींतून मिळविलेल्या स्यूडोमोनास स्टुट्झेरी नांवाच्या जंतूचें वर्णन प्रसिद्ध झालें. चांदीचें विष पचविण्याची शक्ति त्याच्या अंगीं होती. स्वीडनमधील उप्साला येथें तान्या क्लाउस व तिचे सहकारी यांनीं याच जंतूला सिल्व्हर नायट्रेटच्या सान्निध्यांत वाढविलें, आणि १९९९ सालीं आपला निष्कर्ष जगापुढें मांडला. जंतूच्या दोन आवरणांच्या मधल्या पोकळींत, विशेषतः त्याच्या दोन्ही टोकांस, शुद्ध चांदीचे स्फटिक तयार झाले होते. त्यांत कांहीं त्रिकोणी, कांहीं षट्कोनी, आणि मोठ्यांत मोठे दोनशें नॅनोमीटरपर्यंत होते.

येथें आमच्या मनांतील कोडें सुटलें. जंतूस मारतो तो आयन. त्या आयनास त्याचा गमावलेला इलेक्ट्रॉन परत दिला, कीं त्याची साधी धातुरूप चांदी होते, व तिचा दाहक स्वभाव पुष्कळसा निवळतो. जंतु चांदी घडवितो तो कलेसाठीं नव्हे, आणि आपल्यासाठीं तर नव्हेच. दारीं आलेल्या वैऱ्याच्या हातांत त्याचें हरवलेलें द्रव्य ठेवून तो त्याला शांत बसवितो. साहित्यशास्त्रांत विरोधाभास नांवाचा अलंकार आम्हीं वर्षानुवर्षें शिकविला. त्यांत विरोध वरवर दिसतो, विचार केला असतां नाहींसा होतो. सृष्टीनें हा अलंकार जंतूच्या पोटांत योजला असेल, ही मात्र आमची कल्पना नव्हती.

पुण्याची बुरशी व मद्रासचें ताक

या कामांत आपल्या देशाचा वाटा मोठा आहे, हें सांगतांना आम्हांस आनंद होतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत मुरली शास्त्री, अब्सार अहमद व त्यांचे सहकारी यांनीं जंतूंऐवजीं बुरशी कामास लावली. २००१ सालीं त्यांनीं व्हर्टिसिलियम नांवाच्या बुरशीच्या तंतूंत चांदीचे कण घडवून दाखविले. परंतु कण पेशीच्या आंत अडकले, कीं ते काढण्यासाठीं पेशी फोडाव्या लागतात. २००३ सालीं याच मंडळींनीं फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीकडून पेशीच्या बाहेर, पाण्यांतच, पांच ते पंधरा नॅनोमीटरचे कण मिळविले. या बुरशीचा एक प्रकार हरभऱ्यावर मर रोग पाडतो. शेतकऱ्याचें पीक बुडविणारी बुरशी पुण्यांत येऊन चांदी पाडूं लागली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

याहूनहि घरगुती उदाहरण मद्रासच्या आय. आय. टी.चें आहे. तेथें नायर व प्राध्यापक प्रदीप यांनीं ताकांत नेहमीं आढळणाऱ्या लॅक्टोबॅसिलस जातीच्या जंतूंकडून सोन्याचे, चांदीचे व दोहोंच्या मिश्रणाचे स्फटिक वाढवून घेतले, व २००२ सालीं तें प्रसिद्ध केलें. सकाळीं आपल्या रवीखालीं घुसळले जाणारे जीव ते हेच! तेहरान येथील संशोधकांनीं तर २००७ सालीं क्लेब्सिएला व तत्सम आंत्रजंतु वाढविलेलें पाणी गाळून घेतलें, आणि त्या गाळलेल्या पाण्यांत अवघ्या पांच मिनिटांत चांदीचे कण होतात असें दाखविलें. यावरून उघड झालें कीं, जिवंत जंतु प्रत्यक्ष हजर असलाच पाहिजे असें नाहीं; त्यानें पाण्यांत सोडलेलीं द्रव्येंहि हें काम करूं शकतात. अनेक प्रयोगांत नायट्रेट रिडक्टेज नांवाचा विकर इलेक्ट्रॉन पोंचविण्याचें काम करतो असें आढळलें आहे. शिवाय जंतूंचीं प्रथिनें कणाभोंवतीं पातळ लेप धरतात, त्यामुळें कण एकमेकांस चिकटून गोळा होत नाहींत. चांदीचे असे सूक्ष्म कण केवळ रसायनांनींहि करतां येतात. फिलाडेल्फियाच्या कॅरी ली यानें ते १८८९ सालींच केले होते. पण कांहीं रासायनिक रीतींत हायड्राझीनसारखीं विषारी द्रव्यें लागतात. तीं टाळतां यावीं म्हणून जंतूंची ही खटपट.

तीन चंबू

आम्ही शनिवारीं सकाळीं प्रयोगशाळेंत पोंचलों, तेव्हां पुतणीनें तीन कांचेचे चंबू मांडून ठेवले होते. मातींत सांपडणारा एक साधा दंडाकार जंतु तिनें आदल्या दिवसापासून पोषक द्रवांत वाढविला होता. त्या द्रवांत मीठ घातलेलें नव्हतें. कारण मीठ असलें तर चांदीचा पांढरा सांका खालीं बसतो व सगळा प्रयोग फसतो. फिरत्या यंत्रांत घालून तिनें जंतु तळाशीं बसविले व वरचें स्वच्छ पाणी काढून घेतलें. पहिल्या चंबूंत हें पाणी व सिल्व्हर नायट्रेट. दुसऱ्यांत नुसतें हें पाणी. तिसऱ्यांत जंतु कधींच न वाढविलेला कोरा द्रव व सिल्व्हर नायट्रेट. सिल्व्हर नायट्रेटचें प्रमाण एका लिटरास सुमारें १७० मिलिग्रॅम. तिन्ही चंबू तिनें काळ्या कागदांत गुंडाळून हलत्या फळीवर ठेवले.

"काळा कागद कशाला?" आम्हीं विचारलें.

"काका, नुसत्या उजेडानेंहि चांदीचे क्षार काळवंडतात. जुन्या छायाचित्रांची सारी विद्या त्यावरच उभी होती. उजेडाचें श्रेय जंतूंना द्यावयाचें नाहीं."

सायंकाळीं कागद सोडले. पहिला चंबू गुळाच्या पाण्यासारखा गडद तपकिरी झाला होता. दुसरा होता तसाच. तिसऱ्यास मात्र अगदीं फिकट पिवळी छटा आली होती. रंगाचें कारण असें कीं, एवढ्या लहान कणांतील इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर झोके घेतात व सुमारें ४२० नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा-निळा प्रकाश गिळून टाकतात. उरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांस पिवळा-तपकिरी दिसतो. आम्हीं तिचें अभिनंदन केलें. ती मात्र तिसऱ्या चंबूकडे पाहत होती. "कोऱ्या द्रवानेंहि थोडी चांदी पाडली आहे. तेवढी जंतूंच्या खात्यावर मांडतां येणार नाहीं," असें म्हणून तिनें तें वहींत टिपून ठेवलें. आपल्या यशांतून स्वतःच्या हातानें वजाबाकी करणारें तें अक्षर पाहून आम्हांस जें समाधान झालें, तें तपकिरी चंबूनें झालें नव्हतें.

बाटलीचा निवाडा

मग बाटलीची गोष्ट निघाली. 'नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी' हें अनुमान पहिल्याच पायरीला ढांसळतें. धोतऱ्याचें बीं नैसर्गिक आहे, नागाचें विषहि नैसर्गिक आहे. कण कोणीं घडविला यावर त्याचा गुण ठरत नाहीं. तो किती, कसा व कोठें जातो यावर ठरतो. दुसरें असें कीं, जंतूंकडून कण करविले म्हणजे जंतूंचे अवशेषहि बरोबर येतात. क्लेब्सिएला हा तर न्यूमोनिया उत्पन्न करणारा जंतु. त्याच्या पाण्यांतील कण किती वेळां धुतले, कोणीं तपासले, याचा बाटलीवर उल्लेख नव्हता.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर. पोटांत गेलेली चांदी शरीरांत सांचते, आणि दीर्घकाळ घेत राहिल्यास त्वचा राखेसारखी निळसर-करडी होते. या विकारास आर्जिरिया म्हणतात, आणि तो रंग सहसा पुन्हां जात नाहीं. अमेरिकेच्या औषध-नियंत्रक खात्यानें १९९९ सालीं स्पष्ट निर्णय दिला कीं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकली जाणारी कोलॉइडल चांदीचीं औषधें सुरक्षित व गुणकारी मानतां येत नाहींत. लॅटिन आर्जेन्टम् व आपलें 'रजत' हे शब्द एकाच कुळांतले, आणि चांदीचें रासायनिक चिन्ह त्याच आर्जेन्टम्‌पासून आलें, हें आम्ही वर्गांत कौतुकानें सांगत असूं. त्याच कुळांत असें एक रोगाचें नांवहि आहे, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

चौथी गोष्ट आपणां सर्वांच्या हिताची आहे. चांदी सर्वत्र व विनाकारण वापरली, तर जंतु तिला सरावतात. बोस्टनच्या एका रुग्णालयांत भाजलेल्यांच्या विभागांत सिल्व्हर नायट्रेट वापरीत असत. तेथें चांदीस न जुमानणारे साल्मोनेला जंतु पसरल्याचा वृत्तांत १९७५ सालीं प्रसिद्ध झाला. त्या जंतूंजवळ चांदी पकडून बाहेर फेंकणारीं जी साधनें आहेत, त्यांचीं जनुकें १९९९ सालीं शिकागो येथें उलगडलीं. आणि योगायोग असा कीं, त्या शोधांतील एका प्राध्यापकाचें आडनांवच सिल्व्हर! भाजलेल्या रोग्यास जें मलम वांचवितें, तें आपण मोजे, कंगवे व अंगधुण्याचे साबण यांत उधळून बोथट करावें काय, हा प्रश्न प्रत्येक गृहस्थानें स्वतःस विचारावा.

याचा अर्थ चांदीचे नॅनोकण टाकाऊ आहेत असा मुळींच नव्हे. २००९ सालीं टाटांनीं भाताच्या तुसांच्या राखेंत चांदीचे सूक्ष्म कण बसवून विजेवांचून चालणारा जलशोधक बाजारांत आणला. त्याचें तत्त्वच असें कीं, कणांनीं राखेंत बसून काम करावें, पिणाऱ्याच्या पोटांत जाऊं नये. जंतूंनीं घडविलेल्या कणांनाहि उद्यां अशीं योग्य स्थळें मिळतील. आज मात्र प्रत्येक घाणा एकसारख्या मापाचा उतरविणें व जंतूंचे अवशेष पूर्ण काढणें, हीं दोन कामें पार पडल्यावांचून प्रयोगशाळेंतील चंबू औषधाच्या बाटलींत ओतणें योग्य नव्हे.

आतां सौभाग्यवतींच्या पायाविषयीं. डॉक्टरांनीं जखमेंतील जंतु तपासले, मेलेला भाग काढून टाकला, तपासणीप्रमाणें औषध दिलें, रक्तांतील साखर आटोक्यांत आणली, आणि अंगठ्यावर भार पडूं नये अशीं पादत्राणें करविलीं. जखम दूषित होती तोंवर पंधरा दिवस त्यांनीं चांदी असलेली पट्टीहि बांधली, व जखम स्वच्छ होतांच ती बंद केली. तीन महिन्यांनीं क्षत भरून आलें. चांदी तेथें होती. पण जाणत्याच्या हातीं, नेमक्या जागीं व नेमके दिवस होती.

राहतां राहिली बाटली. शेजारच्या सद्गृहस्थांस आम्हीं सर्व सांगितलें, कारण ते स्वतः दररोज दोन चमचे घेत होते. आपले पूर्वज रौप्यभस्म घेत नव्हते काय, असें ते म्हणाले. भस्माची कृति निराळी, मात्रा निराळी, आणि देणारा वैद्य समोर बसलेला असे, असें आम्हीं उत्तर दिलें. ते तीन दिवस आमच्याशीं बोलले नाहींत. चौथ्या दिवशीं आपली अर्धी उरलेली बाटली घेऊन आले व म्हणाले, "हीहि तुमच्या पुतणीकडे पाठवा." दोन्ही बाटल्या आम्ही मोरींत ओतणार होतों, तेवढ्यांत तिचा निरोप आला, "काका, मोरींत ओतूं नका. सांडपाणी शुद्ध करणारे जंतु आपल्याच कामाचे आहेत. त्यांना कशाला मारतां?"

ज्यांस आम्हीं आयुष्यभर शत्रु म्हणून शिकविलें, त्यांची काळजी वाहणारी पिढी आमच्याच घरांत वाढली आहे. दोन्ही बाटल्या कापडांत गुंडाळून आम्हीं तिच्या प्रयोगशाळेंत पोंचविल्या. उष्टावणाची वाटी फडताळांत होती तेथेंच आहे. पुढील महिन्यांत धाकट्या बंधूंच्या नातवाचें उष्टावण आहे, तेव्हां ती घांसून ठेवावयाची आहे.